पाठीच्या कण्याचा उसना आधार

(नभोवाणीवरील भाषण)

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर नावाचे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर बल्लाळी देवीचे देऊळ आहे आणि भोवताली काळ्या जमिनीची शेते पसरलेली आहेत. बुलढाणा जिल्ह्याच्या ह्या मुलखात हेमाडपंती बांधणीची देवळे थोडीथोडकी नाहीत. लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ ज्यांनी पाहिले असेल त्यांना ह्या बांधणीचे वैशिष्ट्य सांगावयास नको. ह्या देवळांत दगड सांधण्यासाठी चुना वापरलेला नसतो. घडीव दगडावर घडीव दगड नेमका बसविला, वरच्याचे ओझे खालच्याने झेलले, आणि एवढ्याच बळावर इमारत शेकडो वर्षे उभी राहिली. ओझे सरळ खाली उतरते आहे तोवर तिला धोका नाही. मधला एखादा दगड फुटला किंवा जागचा सरकला, म्हणजे मात्र वरचा सारा डोलारा त्या बाजूस कलू लागतो. आणि एकदा तो कलला, की आजवर ज्या ओझ्याने त्यास स्थिर ठेवले तेच ओझे त्यास पाडावयास निघते.

मनुष्याच्या पाठीचा कणा हाही असाच एकावर एक रचलेला खांब होय. देऊळ एका जागी उभे असते. हा खांब मात्र वाकतो, वळतो, ओझी उचलतो आणि गाडीचे हादरेही खातो. त्यात एकंदर ३३ मणके आहेत. त्यांपैकी खालचे ९ एकमेकांस जुळून गेलेले, व वरचे २४ हलते. प्रत्येक हलत्या मणक्याचा पुढचा भाग ठोकळ्यासारखा व मागचा कमानीसारखा असतो; अगदी वरचा, मस्तक पेलणारा मणका तेवढा निराळ्या घडणीचा आहे. ठोकळ्यांच्या मध्ये लवचिक गाद्या आहेत, आणि कमानींच्या आतून मज्जारज्जू गेलेला आहे. ताठ उभ्या असलेल्या मनुष्याच्या कण्यावर जो भार पडतो, त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग पुढचे ठोकळे वाहतात व उरलेला मागचे सांधे. हे प्रमाण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ह्या खांबाला स्वतःचे असे बळ किती असावे? १९६१ साली अमेरिकेत लुकास व ब्रेसलर ह्या दोघांनी शवातील कणा स्नायू काढून टाकून, केवळ अस्थिबंध ठेवून, उभा केला व त्यावर भार घालून पाहिला. छातीपासून कमरेपर्यंतचा तो नुसता कणा अवघ्या २ किलोच्या आसपास वजनाखाली वाकून गेला. जिवंत मनुष्याच्या कण्यावर तर त्याचे डोके, खांदे, हात आणि वर आणखी पाण्याची घागर असते. तेव्हा कण्यास उभे ठेवण्याचे मोठे काम स्नायू करतात. तंबूच्या खांबास चहूकडून ताणलेले दोर सावरतात त्याप्रमाणे. येल विद्यापीठात काम केलेले, मूळचे हिंदी, मनोहर पंजाबी ह्या अभियंत्याने १९९२ साली ह्या विचारास नीट रूप दिले. कण्याची स्थिरता तिघांच्या संगनमतावर चालते, असे त्यांनी मांडले: एक हाडे व अस्थिबंध, दुसरे स्नायू, आणि तिसरे त्या स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. एक दुबळा झाला तर उरलेले दोघे काही मर्यादेपर्यंत त्याची उणीव भरून काढतात. त्या मर्यादेपलीकडे शस्त्रवैद्याची गरज लागते.

हा भार निरनिराळ्या आसनांत कसा बदलतो, तेही मोजलेले आहे. स्वीडनचे आल्फ नाखेमसन ह्यांनी १९६० नंतरच्या काळात जिवंत माणसांच्या कमरेतील गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभे असताना तो दाब १०० मानला, तर उताणे निजल्यावर तो सुमारे २५ वर येतो. पुढे वाकून हातांत वजन धरले, की २०० च्याही वर जातो. दिवसभर कमरेत वाकून खुरपणी करणाऱ्या बाईची पाठ का धरते, ह्याचे उत्तर ह्या आकड्यांत बरेचसे सापडते.

आता अमडापूरच्याच एखाद्या शेतकऱ्याची कल्पना करावी. चैत्रात विहिरीवर काम करीत असता पाय घसरून तो खाली आपटला. छातीचा कणा जेथे संपतो व कमरेचा सुरू होतो, त्या वळणावरचा मणका फुटला. बहुतेक अपघातांत फुटतो तो ह्याच भागातला. पायांतील शक्ती सुदैवाने शाबूत आहे. नातलगांनी त्यास अकोल्यास किंवा नागपुरास नेले, आणि तेथे शस्त्रवैद्याने वरखालचे मणके स्क्रू व सळ्या घालून एकत्र जखडले. गावी बातमी पोचते ती अशी की, अमक्याच्या पाठीत रॉड टाकला, आता त्याची पाठ लोखंडाची झाली.

ह्या समजुतीत जी चूक आहे ती साधी नव्हे. पाठ लोखंडाची होत नाही, व ती तशी करावी हा शस्त्रवैद्याचा हेतूही नसतो. त्याने स्क्रू घातले त्याच वेळी मणक्यांच्या मागचा पृष्ठभाग खरवडून तेथे हाडाचे बारीक तुकडे, पुष्कळदा त्या रोग्याच्याच कमरेच्या हाडातून काढलेले, पसरून ठेवलेले असतात. ह्या क्रियेस हाडाचे कलम म्हणतात, आणि हे नाव फार समर्पक आहे. आंब्याचे कलम बांधताना माळी दोन फांद्या तासून एकमेकींस भिडवितो व वरून घट्ट बांधतो. बांधणी फांद्यांना जोडीत नाही. त्या हलू नयेत एवढेच तिचे काम. जोडतो तो आतला जीवनरस. वाऱ्याने फांद्या हलत राहिल्या तर कलम धरत नाही. आणि कलम धरले, की बांधणी असली काय नि नसली काय, सारखेच. मणक्यांच्या शस्त्रक्रियेत धातूचे स्थान ह्या बांधणीचे आहे. हाडाचे तुकडे एकमेकांत रुजून एकसंध पूल तयार व्हावयास साधारण सहा महिने ते एक वर्ष लागते. तेवढा काळ धातूने ओझे वाहावयाचे.

ही गोष्ट वैद्यांच्याही ध्यानात एकदम आली नाही. १८९१ साली अमेरिकेत टेक्सास प्रांतात हाड्रा नावाच्या डॉक्टराने मानेचे मणके तारेने बांधले. ही ह्या शास्त्राची पहिली पावले. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज व अल्बी ह्या दोघांनी स्वतंत्रपणे हाडाच्या कलमाची रीत घालून दिली. त्यांच्याजवळ आत बसवावयास धातू नव्हता. रोगी महिनोन्‌महिने प्लॅस्टरमध्ये पडून राहत. मग टेक्सासमधीलच ह्यूस्टन शहरी पॉल हॅरिंग्टन ह्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. पोलिओच्या साथींनी कितीतरी मुलांच्या पाठी वाकड्या करून ठेवल्या होत्या. श्वासाचे स्नायू आधीच लुळे, त्यामुळे त्या मुलांना प्लॅस्टरच्या चिलखतात कोंडणे शक्य नव्हते. हॅरिंग्टन ह्यांनी पोलादी सळी व तिच्या दोन टोकांना आकडे अशी योजना केली. आकडे मणक्यांच्या कमानींत अडकवावयाचे व सळी लांबवून वाकडा कणा ताणावयाचा. पहिल्या परिणामाने सर्वजण हरखले; पाठी सरळ झाल्या. पुढे काही महिन्यांनी आकडे निसटू लागले, सळ्या मोडू लागल्या, आणि पाठी पुन्हा वाकल्या.

येथे ह्या गृहस्थाचा थोरपणा दिसतो. त्यांनी जाड सळीचा शोध घेत बसण्याऐवजी प्रश्नच उलटा करून पाहिला. सळी केवळ टेकू आहे, ती कधी ना कधी हरणारच. ती हरण्यापूर्वी हाड जुळले पाहिजे. म्हणून त्यांनी सळीबरोबर कलमही करावयास आरंभ केला. धातूचे मोडणे व हाडाचे जुळणे ह्या दोहोंची ही शर्यत आहे, हे ज्ञान त्यांच्या अनुभवातून निघाले. त्यांनी १९६२ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढची कित्येक वर्षे जगभर तिचाच अंमल होता.

धातू मोडतो कसा, हे कोणत्याही घरी पाहावयास मिळेल. लोखंडी तार हातांनी ओढून तुटत नाही. पण तीच एका जागी पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकविली, की पाच-पंचवीस खेपांत तुटते. प्रत्येक वाकणे क्षुल्लक असते, तुटणे त्यांच्या संख्येने येते. चालताना प्रत्येक पावलाला पाठीतील सळी केसभर वाकते व सरळ होते. म्हणून बाजारात येण्यापूर्वी ह्या सामानाची परीक्षा यंत्रावर घेतात. एका प्रचलित अमेरिकन परीक्षेत मणक्यांच्या जागी प्लास्टिकचे दोन ठोकळे घेतात, मधला मणका पूर्णपणे नाहीसा आहे असे धरतात, आणि स्क्रू-सळ्यांचा तो सांगाडा ५० लाख वेळा दाबतात. मनुष्य रोज ७,००० पावले चालतो असे मानले, तर वर्षाला साडेपंचवीस लाख पावले होतात. म्हणजे ही परीक्षा सुमारे दोन वर्षांची झाली. दोनच वर्षे का, असे कोणी विचारील. तेवढ्या अवधीत हाड जुळले असलेच पाहिजे, हे त्याचे उत्तर. आणि जुळले नसेल, तर अधिक टिकाऊ सळीने फक्त मोडण्याची तारीख पुढे ढकलली जाईल.

जाडीचे गणित मात्र शाळेतल्या मुलासही आवडेल असे आहे. गोल सळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. साडेपाच मिलिमीटरांच्या सळीऐवजी ६.३५ मिलिमीटरांची घेतली, तर डोळ्यांना फरक फारसा दिसत नाही, पण ताठपणा पावणेदोन पटीहून किंचित अधिक होतो. स्क्रूचे वाकण्यास तोंड देण्याचे बळ त्याच्या गाभ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढते. ५ चा ६ मिलिमीटर केला, की बळ सुमारे १.७ पट. मग सर्वांत जाड स्क्रू का घालू नये? कारण त्यास जागा देणारे हाड अरुंद आहे. मणक्याची मागची कमान पुढच्या ठोकळ्याशी ज्या दोन आखूड खांबांनी जोडलेली असते, त्या खांबांतून, ज्यांस पेडिकल म्हणतात, स्क्रू मागून पुढे न्यावा, ही युक्ती पॅरिसचे रॉय-कामीय ह्यांनी १९६३ पासून रूढ केली. मणक्याचे सर्वांत मजबूत हाड तेथेच आहे. आज बहुतेक शस्त्रक्रिया ह्याच मार्गाने होतात. छातीच्या मधल्या मणक्यांत मात्र हा खांब पुष्कळदा ५ मिलिमीटरांहूनही बारीक असतो, आणि त्याला लागूनच आतल्या बाजूस मज्जारज्जू!

शिवाय, स्क्रू कितीही उत्तम असला तरी तो धरणार हाडात. बाभळीच्या लाकडात मारलेला स्क्रू व पांगाऱ्याच्या लाकडात मारलेला स्क्रू ह्यांत जो फरक, तोच तरुणाच्या हाडात व उतारवयातील, ठिसूळ हाडांच्या बाईच्या हाडात. अशा ठिकाणी स्क्रू मोडत नाही, तो सैल होऊन उपसून येतो. त्यावर उपाय आहेत: दोन्ही बाजूंचे स्क्रू आतल्या दिशेने तिरपे घालावेत, म्हणजे त्रिकोण साधून ते सहजी उपसत नाहीत, अधिक मणके धरावेत, म्हणजे ओझे वाटले जाते, किंवा स्क्रूभोवती हाडाचे सिमेंट भरावे. ओझे वाटून घेण्याची कल्पना मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात मोठ्या खुबीने वापरली. त्यांचे रोगी गरीब, हवा उष्ण, आणि प्लॅस्टरमधला रोगी एकदा गावी गेला की तपासणीस परत यावयाचा नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक मणका तारेने सळीस बांधला. दोन टोकांवर येणारा ताण दहा ठिकाणी विभागला गेला, आणि प्लॅस्टरची गरज उरली नाही. ज्यांना विदर्भातील दळणवळण ठाऊक आहे, त्यांना लुके ह्यांची अडचण परकी वाटू नये.

धातू कोणता, हाही प्रश्न आहे. पोलाद हाडाच्या सुमारे दहापट ताठ. टायटॅनियमचा मिश्रधातू पोलादाच्या निम्म्याच्या आसपास. अधिक ताठ ते अधिक चांगले, असे वाटणे साहजिक आहे, परंतु तसे नाही. जर्मनीचे वोल्फ ह्यांनी १८९२ साली सांगून ठेवले, की हाड ओझ्याप्रमाणे घडते. ओझे मिळाले तर भरते, न मिळाले तर झिजते. सळीने सगळेच ओझे स्वतःकडे घेतले तर आतल्या कलमास काम उरत नाही, आणि रिकामे हाड दुबळे राहते. बाळाला सदैव कडेवर घेतले तर ते चालावयास केव्हा शिकणार! म्हणून टायटॅनियमला पसंती मिळाली, एम.आर.आय. चित्रातही ते कमी अडथळा करते. दोन मणक्यांच्या मध्ये बसविण्याच्या पोकळ पेटीसाठी हाडाहूनही लवचिक असे एक प्लास्टिक वापरतात. त्याचे संक्षिप्त नाव 'पीक' असे आहे. शेतातल्या पिकाशी त्याचा काही संबंध नाही. एक पथ्य मात्र बहुतेक शस्त्रवैद्य पाळतात: एकाच सांगाड्यात पोलाद व टायटॅनियम ह्यांची सरमिसळ करीत नाहीत, कारण शरीरातील खारट द्रवात दोन भिन्न धातू भिडले की गंजण्याचे भय असते.

आता ते चार-पंचमांशाचे प्रमाण पुन्हा आठवावे. फुटलेल्या मणक्याचा पुढचा ठोकळा जर पार चुरला असेल, तर मागच्या बाजूस दोन सळ्या घालून भागेल काय? पुढून झेलणारे कोणी नाही, आणि मागे धरलेले स्क्रू हे भिंतीतून बाहेर काढलेल्या खुंटीसारखे सारे ओझे एकट्याने तोलीत आहेत. १९९४ साली अमेरिकेतील मॅक्कॉर्मॅक, करायकोविच व गेन्स ह्यांनी आपल्याच मोडलेल्या स्क्रूंचा शोध घेतला. ठोकळा किती चुरला आहे, तुकडे किती पांगले आहेत आणि शस्त्रक्रियेत किती बाक सरळ करावा लागला, ह्यांचे गुण मांडून, बेरीज फार झाली तर पुढूनही आधार द्यावा, असे त्यांनी सुचविले. आपल्या अपयशाचा हिशेब इतक्या प्रामाणिकपणे छापणारे थोडे. पुढून टेकू, म्हणजे टायटॅनियमच्या जाळीची नळी किंवा हाडाचा तुकडा, बसविला, की मागच्या स्क्रूंवरचा ताण एकदम उतरतो. देवळातला फुटलेला दगड बदलावा, नुसता मागून वासा लावू नये, हा पाथरवटाचा नियम येथेही लागू पडतो.

कण्याचा आजार झाला म्हणजे स्क्रू घालावेच लागतात, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या देशात कण्याचा क्षय पुष्कळ आढळतो. वाराणसीचे डॉ. तुली ह्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या 'मध्यम मार्गा'त औषधे हा मुख्य उपचार आहे, आणि शस्त्रक्रिया निवडक रोग्यांसाठी राखून ठेवली आहे. पाठदुखीच्या बहुसंख्य रोग्यांनाही कलमाची गरज नसते. आणि जखडलेल्या सांध्याचे हलणे बंद झाले, की त्याच्या वरच्या व खालच्या सांध्यांस ते हलणे अंगावर घ्यावे लागते. वर्षांमागून वर्षे गेल्यावर तेही झिजतात. म्हणून जखडणे जेवढे थोडे तेवढे बरे.

महाराष्ट्रात ह्या विद्येची साधने व माणसे दोन्ही आहेत. कोकणात देवरुखजवळ साडवली येथे हाडांचे स्क्रू व प्लेटा 'सुश्रुत' ह्या नावाने तयार होऊ लागल्या. पुढे २०१३ साली एका मोठ्या इंग्रज कंपनीने तो उद्योग विकत घेतला. मुंबईचे डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयात जाऊन कण्याच्या रोग्यांवर उपचार केले आहेत. मुंबईपासून हजार किलोमीटरांच्या आसपास अंतरावरच्या त्या खेड्यांतील लोकांची पाठ काही निराळ्या हाडाची नाही. हे त्यांनी कृतीने दाखविले.

अमडापूरच्या त्या शेतकऱ्याकडे परत येऊ या. शस्त्रक्रिया चैत्रात झाली. मृगाच्या सुमारास पाठ दुखावयाची थांबली. नेमका हाच काळ सर्वांत धोक्याचा. दुखणे थांबले आहे ते धातूने मणके धरून ठेवले म्हणून. हाड अजून कोवळे, कच्च्या कुरडईसारखे. आभाळ भरून आले आहे, शेजाऱ्यांच्या तिफणी निघाल्या आहेत, बियाण्याचे पैसे उसने घेतलेले आहेत. तो तपासणीस येतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आता तं काहीच दुखत नाही. दोन पोती उचलू का?" ह्या प्रश्नावर 'नाही' म्हणणे सोपे आहे, त्याच्या घरात पेरणी कोण करील, ह्याचे उत्तर मात्र डॉक्टराजवळ नसते. ते त्याच्या भावाजवळ, मुलाजवळ, किंवा शहरात नोकरी करणाऱ्या जावयाजवळ असते. शस्त्रक्रियेचा खर्च नातलग वर्गणी करून भरतात. त्या हंगामाची मजुरीही त्याच खर्चात धरली, तर पुष्कळ सळ्या मोडावयाच्या वाचतील. जावयाने आणखी एक काम करावे, ते विडी सोडविण्याचे. धूम्रपान करणाऱ्यांत हाड न जुळण्याचे प्रमाण अधिक असते, हे वारंवार दिसून आलेले आहे. चालण्यास मात्र मनाई नसते. उलट डॉक्टरच ते सांगतात, कारण हाडास थोडे ओझे हवे असते, आणि तंबूचे दोर म्हणजे पाठीचे स्नायू, तेही अंथरुणात पडून सैल होतात.

वर्ष उलटल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात. त्यात स्क्रू व सळ्या पांढऱ्याशुभ्र दिसतात; त्यांच्या कडेने, थोडी धूसर, एका मणक्यावरून दुसऱ्यावर गेलेली हाडाची सलग पट्टी दिसू लागली, म्हणजे काम झाले. शेतकरी विचारतो, "मंग आता ह्या सळ्या काढायच्या का?" बहुधा डॉक्टर म्हणतात, "राहू द्या, बाबा. त्यांना आता काही काम नाही."